दाखल्यांची सोनेरी किनार

हेन्री नोएल हम्फ्रीज (१८१०–१८७९) हे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नाही. बर्मिंगहॅम येथे जन्मलेले हे इंग्रज चित्रकार काही वर्षे इटलीत राहून मायदेशी परतले. १८४१ मध्ये वेस्टवुड या कीटकतज्ज्ञांच्या सोबतीने त्यांनी ब्रिटिश फुलपाखरांवर सचित्र ग्रंथ सिद्ध केला. पुढे मध्ययुगातील सुशोभित हस्तलिखितांनी त्यांना वेड लावले, आणि ओवेन जोन्स यांच्यासह त्या पानांच्या रंगीत प्रतिकृती त्यांनी प्रसिद्ध केल्या.

या दोन्ही छंदांचा संगम १८४७ च्या ‘प्रभू येशूचे दाखले’ या छोट्या पुस्तकात झाला. मठवासी लेखक जे हाताने रंगवीत, ते येथे शिळामुद्रणाने साधले आहे. एका दगडावर एकच रंग. म्हणून तोच कागद, रेषा तसूभरही न हलू देता, अनेक दगडांवर पुन:पुन्हा छापावा लागे. प्रत्येक दाखल्याला अनुरूप अशी किनार आहे. बांधणी मात्र फसवी! कोरीव आबनूस वाटणारे काळे आवरण वस्तुत: कागदाचा लगदा व प्लास्टर साच्यात दाबून केलेले आहे.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. प्रभूने दाखले दिले ते मोहरीच्या दाण्याचे, खमिराचे, मासेमारीच्या जाळ्याचे. या साधेपणाला सोन्याची किनार शोभते काय? आमच्या मते, निसर्ग अभ्यासणाऱ्या हम्फ्रीज यांची नजर जेथे पानाफुलांवर स्थिरावते, तेथे नक्षी हेच वचनाचे भाष्य होते. जेथे केवळ वैभवाचा सोस आहे, तेथे डोळा काठावरच रेंगाळतो आणि शब्द पोरका होतो.

हा दोष त्यांनाही जाणवला असेल काय, कोण जाणे! परंतु १८४९ मध्ये मिस्सापुस्तकांच्या चित्रकलेवर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात विद्यार्थ्याने स्वत: रंग भरावेत म्हणून कोऱ्या रेखाकृती जोडल्या. यंत्राने जो वेळ वाचवला होता, तो त्यांनी अशा रीतीने वाचकाच्या हाती परत दिला. एखादे पान रंगवणारा माणूस त्या पानावरील वचनापाशी तासन्‌तास थांबतो. प्रार्थनापुस्तकात जपलेले संताचे छापील चित्र आपण किती वेळ पाहतो? सजावट भक्तीला पूरक ठरते ती सोन्यामुळे नव्हे, त्या थांबण्यामुळे.