परक्या भाषेतले आपले दुःख

गेल्या नाताळात मुरबाडला मेहुण्यांच्या घरी जेवणे उरकल्यावर नेहमीप्रमाणे गाण्यांची बैठक जमली. मेहुणे भजनात रमणारे, मी नाट्यसंगीताचा भक्त आणि वडीलधाऱ्यांना चर्चमधील भक्तिगीतेच प्रिय. अशा मैफलीत कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने ‘बीटीएस’ या सात कोरियन तरुणांच्या वृंदाचा ‘बी’ हा अल्बम लावला. दोन मिनिटांतच निकाल लागला. भाषा कळत नाही, सातांपैकी कोण गातो ते उमगत नाही आणि सूर तर यंत्रातून काढलेले! भाची मुकाट्याने गाणे बंद करून आत गेली. ते मनाला लागले. शहापूरला परतल्यावर मी तो अल्बम सलग ऐकला.

नोव्हेंबर २०२० मध्ये निघालेला हा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. त्याचे आठ भाग असून त्यांतला एक तर नुसता संवादच आहे. महामारीने दौरा अडला, तेव्हा घरी अडकलेल्या या कलावंतांनी तो घडवला. जग अचानक थांबले तरी ऋतू थांबले नाहीत, असा ‘लाइफ गोज ऑन’चा आशय. ‘फ्लाय टू माय रूम’मध्ये कोंडलेली खोलीच प्रवासाचे ठिकाण होते. ‘डिसीज’ हे गाणे तर कामाची सवय जडलेल्या माणसाला विसावाही कसा सोसत नाही, ते सांगते. पहाटेची आसनगाव लोकल बंद पडल्यावर आपल्याकडच्या कितीतरी घरांनी हीच अस्वस्थता भोगली.

मात्र हे दुःख खोली असलेल्यांचे आहे. त्याच दिवसांत शहापुरावरून कसाऱ्याच्या दिशेने डोक्यावर बोचकी घेऊन चालत गेलेल्या माणसांना या अल्बमात जागा नाही. शेवटी जोडलेले ‘डायनामाइट’ हे इंग्रजी गीत कितीही लोकप्रिय असले, तरी आधीच्या सुरांशी जुळत नाही. शोकसभेतून थेट वरातीत आल्यासारखे वाटते. ‘स्टे’मधील ठोक्यांच्या गदारोळात आवाज हरवतात. यंत्राविषयीचा आक्षेप तेथे मला मान्य आहे.

भाषेचा आक्षेप मात्र आपण तरी घेऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२–६५) आपल्या आजी-आजोबांनी मिस्सा लॅटिनमध्येच ऐकली. ‘तान्तुम एर्गो’तील शब्दांची फोड त्यांतल्या कितीजणांना करता आली असती? तरीही भाव पोचत असे. सात गळ्यांचेही तसेच. एकाने ओळ उचलावी, दुसऱ्याने ती पुढे न्यावी आणि मग सर्वांनी मिळून धरावी, ही रीत भजनी मंडळाला नवी नाही.

ईस्टरला मेहुणे शहापूरला आले, तेव्हा मी त्यांना केवळ ‘ब्लू अँड ग्रे’ ऐकवले. गिटारच्या मंद साथीवर उदास मनाने केलेले ते आर्जव त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि भाचीला अर्थ विचारला. तिने सांगितल्यावर ते म्हणाले, “हे भजन नव्हे. पण विलाप खरा आहे.”

त्यांची आवड बदलली नाही, माझीही नाही. अभिरुची बदलावी, असा माझा आग्रहही नाही. आपल्या घरातले मूल काय ऐकून सावरले, हे जाणण्यासाठी अर्धा तास फार नव्हे, एवढेच म्हणणे.