नित्यपाठाची भाषा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील तीन वाटा

धार्मिक वाङ्मयाचा विचार करताना मराठी समीक्षेने दोन कसोट्या प्रायः वापरल्या आहेत. एक इतिहासाची, दुसरी भावोत्कटतेची. पहिल्या कसोटीने ग्रंथाचा काळ, कर्ता, भाषेचे जुनेपण आणि पोथ्यांची परंपरा यांचा निर्णय होतो. दुसरीने कवीच्या अनुभूतीची तीव्रता मोजली जाते. दोन्ही कसोट्या आवश्यक आहेत. पण जे वाङ्मय मुळातच रोज वाचण्यासाठी, पुन्हापुन्हा म्हणण्यासाठी आणि म्हणता म्हणता अंगी मुरण्यासाठी लिहिले गेले, त्याच्या बाबतीत दोन्ही अपुऱ्या पडतात. अशा वाङ्मयाला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. प्रथम वाचनी ते किती चमकते हा तो प्रश्न नव्हे. शंभराव्या वाचनी त्यात वाचकासाठी काय उरते, हा होय.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची उपेक्षा या तिसऱ्या कसोटीच्या अभावी झाली. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ भाषेच्या इतिहासात गौरवाने नोंदले गेले आणि तेथेच थांबले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुलांमुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकांतून घरोघर गेले. त्यांचे ख्रिस्तभक्तीचे अभंग मात्र ‘धर्मप्रचार’ या एका शब्दाखाली झाकले गेले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रावर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धातील सर्वांत दीर्घ वाङ्मयीन परिश्रम, म्हणजे बायबलचे भाषांतर, साहित्यचर्चेत क्वचितच आले. हे तिन्ही ग्रंथकार एकाच गोष्टीशी झुंजत होते. शास्त्रवचन हे वाचकाच्या दैनंदिन साधनेचे अन्न व्हावयाचे, तर त्याची मराठी कशी असावी?

प्रश्नाचे मूळ खुद्द शास्त्रात आहे. पहिल्या स्तोत्रात धर्मशास्त्रावर रात्रंदिवस चिंतन करणाऱ्या माणसाचे वर्णन येते. तेथे जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा मूळ भाव केवळ मनात विचार करणे असा नाही. ओठांतल्या ओठांत पुटपुटणे, गुणगुणणे असा आहे. यशयाच्या ग्रंथात पारव्याच्या घुमण्याला आणि सिंहाच्या गुरगुरण्यालाही तेच क्रियापद लावले आहे. मराठीत या ठिकाणी ‘मनन’ हा शब्द रूढ झाला. शब्द भारदस्त आहे, चुकीचाही नाही. तथापि एका शब्दाच्या निवडीने साधना ओठांवरून उठून बुद्धीत गेली. हिब्रू वाचक वचन घोळवीत होता. मराठी वाचक त्यावर विचार करू लागला. भाषांतरकाराचा निर्णय हा असा साधनेचाच निर्णय असतो.

लूकच्या शुभवर्तमानात मरियेने सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे चिंतन केले, असे म्हटले आहे. तेथील ग्रीक क्रियापदात एकमेकांपासून दूर पडलेल्या गोष्टी एकत्र आणून जुळविण्याचा भाव आहे. निर्गम ग्रंथात रानात पडणाऱ्या मान्न्याची कथा आहे : तो रोज सकाळी त्या दिवसापुरताच वेचावयाचा, अधिक साठविला तर नासत असे, अपवाद केवळ शब्बाथापूर्वीच्या दिवसाचा. वचन घोळविणे, जुळविणे आणि रोजचे रोज वेचणे या तीन क्रियांतून ख्रिस्ती वाचनसाधना घडत गेली. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवाशांच्या दिनक्रमात पवित्र वाचनाला ठरावीक वेळ दिली. बाराव्या शतकात दुसऱ्या गिगो या कार्थुसियन मठाधिपतीने त्या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. श्रवण, मनन व निदिध्यास ही त्रयी ज्याच्या परिचयाची आहे, त्या भारतीय वाचकाला ही शिडी परकी वाटणार नाही. दोहोंचे लक्ष्य एक नाही, हे उघड आहे; पण वाचलेले अंगी मुरावे लागते आणि मुरण्यास काळ लागतो, हा अनुभव दोन्हीकडे समान आहे.

स्टीफन्स यांनी निवडली ती श्रवणाची वाट. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच निवर्तला. त्याचे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही नव्हते. ती पोकळी भरण्यासाठी हा ग्रंथ रचला गेला. म्हणून त्याची भाषा ओवीची, चाल पुराणिकाची. मधूनच श्रोता शंका विचारतो, वक्ता निरसन करतो, कथा पुढे चालू लागते. प्रसंगांचे सविस्तर, दृश्यमय चित्रण हा या ग्रंथाचा विशेष. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून त्यात स्वतः उपस्थित राहावे, ही इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेची शिकवण जेझुइटांच्या अंगवळणी पडलेली असे. स्टीफन्सच्या वर्णनशैलीमागे ती असावी, असे मानण्यास जागा आहे. एका साधनापद्धतीला येथे मराठी पुराणकथनाचे शरीर मिळाले.

या वाटेची मर्यादाही याच ग्रंथात दिसते. श्रोत्याची शंका उपस्थित होते ती उत्तर तयार असल्यामुळेच. ती त्याच्या मनात रात्रभर राहत नाही. पुढच्या ओवीत तिचे समाधान झालेले असते. श्रद्धेची वाढ होण्यास शंकेला जो मुक्काम करावा लागतो, त्याला पुराणाच्या ओघात अवसर नाही. शिवाय ऐकणारा कथेत रमतो आणि वक्त्यावर विसंबतो. ग्रंथ त्याच्या हाती नसतो, कानी असतो.

पंडिता रमाबाईंनी नेमका ग्रंथच हाती देण्याचे ठरविले. ज्या विदुषीला बालपणापासून संस्कृत मुखोद्गत होते, जिच्या पुराणपठणाने कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिने १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या स्त्रीला कळत नाही, आणि त्यातील कित्येक शब्द जुन्या धर्मकल्पनांचे अर्थ बरोबर घेऊन येतात, असा त्यांचा दुहेरी आक्षेप होता. संस्कृतच्या वैभवावर ज्या व्यक्तीचा हक्क सर्वाधिक, तिनेच ते वैभव बाजूस ठेवावे, ही घटना मराठी गद्याच्या इतिहासात असाधारण आहे. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळवून हा ग्रंथ छापला. १९२१ मध्ये रमाबाईंची कन्या मनोरमा वारली. एप्रिल १९२२ मध्ये भाषांतराचे काम हातावेगळे होताच रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या भाषांतरावर रुक्षतेचा आरोप करता येईल आणि तो सर्वस्वी खोटा ठरणार नाही. मूळ वाक्यरचनेशी निष्ठा राखताना मराठी वाक्य ठिकठिकाणी अडखळते. पण हे अडखळणे साधनेच्या दृष्टीने निरर्थक नाही. परिचित शब्दावरून जीभ सहज घसरते आणि अर्थ मागे राहतो; पाठ होतो, वाचन होत नाही. लहानपणापासून पाठांतराच्या जगात वाढलेल्या रमाबाईंना हा धोका इतर कोणाहूनही अधिक ठाऊक असला पाहिजे. त्यांना वाचणारी स्त्री हवी होती. एकेक शब्दापाशी थांबणारी, पुराणिकावाचून आपला अर्थ आपण लावणारी. मात्र प्रार्थनेला लागणारी लय या गद्याला लाभली नाही. उपासनामंदिरांतून त्या मानलेल्या जुन्या भाषांतराचीच परंपरा चालू राहिली; रमाबाईंच्या ग्रंथाचे वाचक मोजकेच राहिले.

टिळकांची वाट याच्या उलट दिशेने जाते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचीत असता डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. बाप्तिस्मा झाला तो १८९५ च्या फेब्रुवारीत. मधला काळ वाचनाचा, विचाराचा आणि घालमेलीचा होता. त्यांचे ख्रिस्ती होणे हेच मुळी पठनसाधनेचे फळ होते, ही गोष्ट त्यांचे अभंग वाचताना विसरता येत नाही. तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. तो सेतू त्यांनी ओलांडल्यावर मोडला नाही. ‘अभंगांजली’त भक्ताचे रुसणे, देवाला माउली म्हणून हाक मारणे, स्वतःच्या रितेपणाची लाज, हे सारे वारकरी वळणाने येते. शुभवर्तमानातील वचन येथे उद्धृत होत नाही. ते पचून प्रार्थना झालेले असते. गिगोच्या शिडीची तिसरी पायरी मराठीत कोणी बांधली असेल तर ती टिळकांनी.

या अभंगांना एकेक सुटी भावकविता म्हणून वाचले तर ते एकसुरी वाटतात. तीच प्रतिमा, तीच आर्तता, तेच शरण जाणे. केशवसुतांपासून नावीन्य आणि क्षणाची उत्कटता यांवर पोसलेल्या रसिकतेला हा दोष वाटणे स्वाभाविक आहे. पण हरिपाठाला कोणी पुनरुक्तीचा दोष देत नाही. कारण पुनरुक्ती हेच त्याचे प्रयोजन आहे. टिळकांचे अभंग दिवसाच्या ठरल्या वेळी, एकेक करून म्हणावयाचे आहेत. तसे वाचले असता त्यांतील लहान लहान भेद जाणवू लागतात : कालच्या अभंगात मागणे होते, आजच्यात मागण्याचीच लाज आहे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची कितीतरी गीते अजूनही गायिली जातात. वाङ्मयाच्या या प्रकारात लोकांच्या ओठांवर टिकणे हे लोकप्रियतेचे मापक नसून गुणवत्तेचेच प्रमाण असते.

तरीही एक शंका उरते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भक्तिपरंपरेची भाषा इतकी आपली आहे की तिच्यात ख्रिस्ताचे परकेपण विरघळून जाण्याचा संभव असतो. डोंगरावरील प्रवचन वाचकाला वैऱ्यावर प्रीती करावयास सांगते. अभंगाची आर्तता त्याला देवाच्या कुशीत निजवू शकते. रमाबाईंचा आक्षेप येथे टिळकांच्या काव्यालाही लागू पडतो. टिळकांना तो जाणवला असावा. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना स्थान दिले. भजनाला सेवेची आणि बंधुत्वाची जोड दिल्यावाचून ते पुरे होत नाही, हेच त्यातून व्यक्त झाले. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले.

साधना मुरली की नाही, याचा निर्णय अखेर ग्रंथात होत नाही. त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे वळावे लागते. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात धर्मचिंतनाची परिभाषा जवळजवळ नाही. पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली, सोवळ्याला घट्ट धरून बसलेली एक स्त्री हळूहळू पालटत जाते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न ती स्वतःशी घोळवीत राहते आणि एके दिवशी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सिद्ध होते. १९०० साली झालेला तिचा बाप्तिस्मा या बदलाचा परिपाक होता. स्टीफन्सच्या श्रोत्याला न मिळालेला शंकेचा मुक्काम येथे मिळाला आहे. रमाबाईंना हवे असलेले स्वतंत्र वाचन येथे घडले आहे, आणि तेही स्वयंपाकघरात, हसत, चुकत, भांडत. पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, ही केवळ पत्नीधर्माची गोष्ट नव्हे. ऐकणारी आता सांगणारी झाली होती.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या या तीन वाटांपैकी एकच खरी असे ठरविण्याचे कारण नाही. ओवीने वचन कानापर्यंत आणले, रमाबाईंच्या गद्याने ते डोळ्यांपुढे धरले, अभंगाने ते ओठांवर ठेवले. पण परिचित भाषा आणि परकी वाटणारी भाषा यांतील ताण या तिघांनाही पूर्णपणे सोडविता आला नाही, आणि तो सुटू नये हेच कदाचित हिताचे. जी भाषा पूर्णपणे आपली झाली, ती आपल्याला बदलत नाही. जी कधीच आपली होत नाही, तिच्यात प्रार्थना करता येत नाही. भारतातील ज्या ज्या भाषेत दुसऱ्या देशी जन्मलेले शास्त्र उतरले, त्या प्रत्येकीला हा ताण सोसावा लागला आहे. मराठीने तो चारशे वर्षे सोसला. समीक्षेने या वाङ्मयाला इतिहासाच्या दालनातून उचलून एकदा नित्यवाचनाच्या पाटावर ठेवावे. त्याचे खरे मोल तेथेच ठरेल.