शब्दसंपत्ती : बेरीज की वजाबाकी?

लेखकाची शब्दसंपत्ती कशी वाढते, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा संख्येच्या अंगाने होतो. अधिक शब्द, त्यातही अधिक संस्कृत शब्द, म्हणजे अधिक समृद्ध लेखन, हे त्यामागील गृहीतक. माधव जूलियन यांच्या उदाहरणाने ते तपासून पाहता येते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकविणाऱ्या या कवीने १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला. मराठीत गझल रुजविण्यातही त्यांचा वाटा मोठा. तेच पुढे सावरकरप्रणीत भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांचा ‘भाषाशुद्धिविवेक’ प्रसिद्ध झाला. या बदलाची केवळ मतांतर म्हणून वासलात लावणे अपुरे ठरेल. परके शब्द मराठीत किती खोल मुरले आहेत, हे कोशकाराइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांचा आग्रह अज्ञानातून आलेला नव्हता. म्हणूनच त्याची दखल गांभीर्याने घ्यावी लागते.

भाषाशुद्धीचे तर्कशास्त्र वजाबाकीचे आहे : प्रतिशब्द सापडला की मूळ शब्द अनावश्यक. व्यवहाराने मात्र बेरीज केली. सावरकरांचा ‘दिनांक’ रूढ झाला, पण ‘तारीख’ गेली नाही. अर्जावर दिनांक घातला जातो. न्यायालयात तारीखच पडते. ‘हरकत’ आणि ‘आक्षेप’ यांचेही तसेच. ‘काही हरकत नाही’ या वाक्याने आपण समोरच्याची चूक पोटात घालतो. ‘काही आक्षेप नाही’ म्हणताना केवळ संमती नोंदवितो. गायकाने घेतलेल्या हरकतीच्या जागी तर आक्षेप बसूच शकत नाही. समानार्थी म्हणविणारे शब्द कालांतराने कामे वाटून घेतात. ही वाटणी ओळखता येणे, हीच लेखकाची खरी संपत्ती.

भाषाशुद्धीने मराठीला प्रशासनाची परिभाषा दिली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्यामागील वृत्तीचा. ती आज चळवळीत नाही, आपल्या अध्यापनात शिल्लक आहे. ग्रामीण कादंबरीवरील एका प्रबंधाच्या मसुद्यात विद्यार्थ्याने लिहिलेला ‘वाफसा’ खोडून मी एकदा ‘जमिनीतील ओलावा’ असे लिहिले होते. ओलावा पाण्याचे प्रमाण सांगतो. वाफसा वेळ सांगतो : पावसाचे पाणी मुरून, चिखल ओसरून, जमीन पेरणीला आली ती वेळ. माझ्या दुरुस्तीने वाक्य प्रमाण झाले आणि त्यातून शेतकरी निघून गेला.

त्या विद्यार्थ्याच्या शब्दसंग्रहात मी भर घातली, असे तेव्हा मला वाटले होते. प्रत्यक्षात घरून आणलेला शब्द विद्यापीठात चालत नाही, एवढेच तो शिकला. शब्दसंपत्ती वाढविण्याचा उपदेश करण्यापूर्वी, लिहिणाऱ्याजवळ आधीच असलेल्या शब्दांपैकी किती आपण खोडतो, याचा हिशेब अध्यापकांनी आणि समीक्षकांनी मांडला पाहिजे.