फाळक्यांच्या उपेक्षित चित्रफिती : प्रत, पाठ आणि काल

जुन्या बखरीची प्रत हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम विचारतो कीं, ही मूळ कीं नक्कल, पूर्ण कीं त्रुटित, आणि तिच्यावरील मिती तिचीच कीं मागाहून कोणी घातलेली ? चित्रपटाविषयीं हे प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाहीं. कै. दादासाहेब फाळके यांच्या ज्या थोड्या फिती उरल्या आहेत, त्या पाहतांना ही उणीव फार जाणवते.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ता. 3 मे 1913 रोजीं लोकांसमोर आला. त्याची लांबी 3700 फूट होती. पुण्यास 1964 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जपलेला भाग पहिल्या व शेवटच्या रिळाचा, म्हणजे 1475 फूट, एवढाच आहे. मधलीं पानें गळालीं. बरें, जें उरलें तें तरी 1913 चें काय ? फाळक्यांनीं हेंच कथानक 1917 सालीं पुन्हा चित्रित केलें, आणि उपलब्ध रिळें या दुसऱ्या चित्रपटाचीं असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असल्यास, भारतीय चित्रपटाचा आद्य पाठ म्हणून पुस्तकापुस्तकांतून छापलीं जाणारीं चित्रें मूळ ग्रंथाचीं नसून ग्रंथकर्त्यानेंच चार वर्षांनीं सिद्ध केलेल्या दुसऱ्या प्रतीचीं ठरतात. तिचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं. पण निर्णय होईपर्यंत चित्राखालीं ‘1913’ असें निःशंकपणें छापणें आमच्या मतें अप्रशस्त होय.

पाठाचा वाद बाजूस ठेवून कृतीकडे पाहूं. आरंभीं राजा पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे. या मांडणीवर रविवर्म्याच्या चित्रांची छाप स्पष्ट आहे. तारामतीचें काम साळुंके या पुरुषानें केलें. तिच्या दासींचा जलक्रीडेचा प्रवेश लागला म्हणजे ओल्या लुगड्यांतील पुरुषी खांदे पाहून आजचा शहरी प्रेक्षक हंसतो. आम्हां झाडीपट्टीच्या लोकांस हंसूं येत नाहीं. मूलच्या परिसरांत धान घरांत आलें म्हणजे रात्र रात्र नाटकें रंगतात, आणि आमच्या दंडारींत स्त्रीचें सोंग पुरुषच घेत आला. दंडार पाहून ज्याची नजर तयार झाली, तो खांदे मोजीत बसत नाहीं. सोंग निभावलें कीं नाहीं, एवढेंच पाहतो. साळुंक्यांनीं तें निभावलें आहे.

परंतु खरी उपेक्षा झाली ती फाळक्यांच्या लघुपटांची. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या 1917 च्या लघुपटाच्या तुटक अवशेषांत फाळके स्वतः फीत हातांत धरून न्याहाळतांना दिसतात. येथें ना राजा, ना ऋषि. केवळ कारखाना आणि कारागीर. कै. राजवाड्यांनीं बखरीपेक्षां अस्सल पत्रास जो मान दिला, तोच मान ‘हरिश्चंद्रा’च्या तुलनेनें या तुकड्यास दिला पाहिजे. ‘कालिया मर्दन’ (1919) यांतही असें एक पत्र दडलें आहे : कथा सुरू होण्यापूर्वीं कृष्णाचें काम करणारी फाळक्यांची कन्या मंदाकिनी निरनिराळे भाव मुद्रेवर आणून दाखविते. प्रेक्षक तो भाग प्रस्तावना म्हणून सोडून देतात. आम्हांस तो मुख्य ग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच्याही मागें गेल्यास हात रिकामे राहतात. सावेदादा भाटवडेकर यांनीं 1901 च्या डिसेंबरांत रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचें चित्रण केलें होतें. समकालीन घटनेचें तें अस्सल साधन आज उपलब्ध नाहीं. कसरीनें खाल्लेल्या पोथीचीं चार अक्षरें तरी लागतात. जुनी नायट्रेटची फीत मात्र प्रथम चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी होते, आणि पेट घेतल्यास पाण्यानेंही विझत नाहीं. 2003 च्या जानेवारींत पुण्यास लागलेल्या आगींत अशा फितींचा मोठा सांठा नष्ट झाला.

दप्तराच्या रुमालांशेजारीं एखादा गंजलेला चपटा डबा आढळल्यास संग्राहकांनीं तो दिव्याजवळ उघडूं नये, फीत उलगडून पाहूं नये, थंड जागीं ठेवून जाणत्यांस कळवावें, आणि डब्यावरील चिठ्ठी, ती चुकीची वाटली तरी, काढून टाकूं नये.

मूल, जि. चंद्रपूर