प्रतिकृती आणि प्रतिमान : सिम्युलेटरसाठी पहिले विमान रचण्याच्या प्रक्रियेची एक समीक्षा

प्रास्ताविक

संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्वतःचे विमान रचणे हा आता केवळ छंद राहिलेला नाही. भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, गणित आणि दृश्यकला या चारही विषयांचा त्यात संगम होत असल्याने महाविद्यालयीन प्रकल्प म्हणूनही त्याकडे पाहता येते. मात्र अशा रचनेचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचा पुरेसा विचार होत नाही. पडद्यावर विमान हुबेहूब दिसले, चाके आत गेली, दिवे लागले, की काम उत्तम झाले असा समज रूढ आहे. या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत या संदर्भात दोन शब्द उपलब्ध आहेत : प्रतिकृती आणि प्रतिमान. प्रतिकृती मूळ वस्तूसारखी दिसते. प्रतिमान मूळ वस्तू कशी वागेल याविषयी काही विधान करते. पहिली डोळ्यांनी तपासता येते, तर दुसऱ्याची तपासणी मापनाने करावी लागते. सिम्युलेटरमधील विमान एकाच वेळी दोन्ही असते आणि नवख्या रचनाकाराची बहुतेक फसगत या दोहोंची गल्लत केल्याने होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन रचनापद्धती

विवेचनासाठी फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर घेतला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये उपलब्ध झाली. त्यातील विमानांचे तपशील वाचता येतील अशा मजकुराच्या फायलींत असतात. त्यामुळे रचनाकाराने कोणता अंक कोठे वापरला हे कोणालाही पाहता येते. समीक्षेच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाचे गणित मांडण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. जेएसबीसिम या पद्धतीत उचल, रोध, बाजूचे बल आणि तीन अक्षांभोवतीची परिबले यांचे गुणांक रचनाकाराने स्वतः द्यायचे असतात. हे गुणांक हाती नसतील तर एरोमॅटिक हे साधन वजन, पंखविस्तार, लांबी, इंजिनाचा प्रकार अशा मोजक्या माहितीवरून एक प्राथमिक फाइल तयार करून देते. यासिम या पद्धतीत मात्र विमानाची भूमिती द्यायची आणि उतरण्याच्या वेळचा व सरळ उड्डाणाचा असे दोन वेग सांगायचे. मग आज्ञावली उलट गणित करून त्या दोन्ही वेगांशी जुळतील असे गुणांक शोधते.

दोन्ही मार्ग नवख्याला उपकारक आहेत, पण दोहोंत एक धोका दडलेला आहे. विमान थोड्याच अवधीत उडू लागते आणि ते उडते म्हणजे बरोबर आहे, असे वाटू लागते. वस्तुतः एरोमॅटिकने दिलेले विमान हे त्या जातीचे सर्वसाधारण विमान असते, तर यासिमने दिलेले विमान दोन बिंदूंपाशीच मूळ विमानाशी बांधलेले असते. त्या दोन बिंदूंच्या मधल्या आणि पलीकडच्या प्रदेशाविषयी रचनाकाराने अद्याप काहीच सिद्ध केलेले नसते.

एक उदाहरण : सेसना १७२पी

सेसना १७२ या विमानाचे पहिले उड्डाण १९५५ मध्ये झाले. त्याच्या ‘पी’ या उपप्रकाराचे कमाल वजन सुमारे १०८९ किलोग्रॅम, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६.२ चौरस मीटर आणि इंजिनाची शक्ती १६० अश्वशक्ती आहे. फ्लॅप वर असताना स्टॉल होण्याचा वेग ५१ नॉट्स, तर समुद्रसपाटीवरील कमाल वेग १२३ नॉट्स आहे. एवढ्या माहितीवरून पदवी स्तरावरील विद्यार्थी पुढील गणित करू शकतो.

समतल उड्डाणात उचल वजनाइतकीच असते. त्यामुळे ५१ नॉट्सला उचलीचा गुणांक सुमारे १.५६ येतो, तर १२३ नॉट्सला तो केवळ ०.२७ असतो. पंख्याची कार्यक्षमता ८० टक्के मानली तर कमाल वेगाला रोधाचा एकूण गुणांक सुमारे ०.०३८ येतो. त्यातून उचलीमुळे निर्माण होणारा रोध वजा केला की ०.०३४ हा मूळ रोधाचा गुणांक हाती लागतो. हे आकडे फाइलमध्ये घातले की दोन्ही वेग जुळतात. येथवर सारे सुरळीत चालते आणि बहुतेक पहिले प्रयत्न येथेच थांबतात.

आता या गणितात न वापरलेली एक कसोटी लावून पाहू. इंजिन बंद पडल्यावर हे विमान ६५ नॉट्स वेगाने तरंगत उतरते, तेव्हा दर हजार फूट उंचीमागे ते सुमारे दीड सागरी मैल अंतर कापते. म्हणजे अंतर आणि उंची यांचे गुणोत्तर सुमारे ९ असते. आपल्या गुणांकांवरून मात्र ते साडेअकराच्या आसपास येते. दोन्ही वेग जुळलेले असूनही प्रतिमान येथे चुकते.

या चुकीला सामोरे जाताना रचनाकारापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे मूळ रोध वाढवून ९ हा आकडा गाठणे. तसे केल्यास मूळ रोधाचा गुणांक ०.०५७ च्या घरात न्यावा लागतो आणि कमाल वेग जवळपास २० नॉट्सनी घटतो. एक ठिगळ लावताना दुसरीकडे फाटते. दुसरी वाट म्हणजे कारण शोधणे. इंजिन बंद असताना वाऱ्याने फिरणारा पंखा स्वतःच रोध निर्माण करतो आणि आपल्या गणितात तो धरलेलाच नव्हता. तो स्वतंत्रपणे मांडला की कमाल वेग अबाधित राहून तफावतीचा मोठा भाग कमी होण्याची शक्यता निर्माण होते. उरलेली तफावत पंख्याच्या कार्यक्षमतेविषयीच्या आपल्या गृहीतकाकडे बोट दाखवते. पहिल्या वाटेने केवळ एक आकडा बदलतो, तर दुसऱ्या वाटेने विमानाविषयीची आपली समज बदलते. संस्करण हा शब्द दुसऱ्या वाटेसाठीच राखून ठेवावा.

आणखी एक कसोटी येथे नमूद करणे उचित ठरेल. विमानाचे नाक किंचित वर उचलून नियंत्रण पूर्ववत केले, तर स्थिर विमान लांब लाटेसारखे वर-खाली होत राहते. लँचेस्टर यांनी या आंदोलनाला फ्यूगॉइड असे नाव दिले आणि १९०८ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. प्राथमिक अंदाजानुसार त्याचा आवर्तनकाल विमानाच्या आकारावर अवलंबून नसून केवळ वेग आणि गुरुत्वत्वरण यांवर अवलंबून असतो. १०० नॉट्सला तो सुमारे २३ सेकंद येतो. प्रतिमानाचा आवर्तनकाल याहून फारच वेगळा असेल, तर गुरुत्वमध्याचे स्थान, शेपटीची मांडणी किंवा अक्षांची चिन्हे यांत कोठेतरी चूक आहे असे समजावे. या कसोटीला एक घड्याळ पुरते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

हा सारा खटाटोप कशासाठी, घरच्या संगणकावरील विमानामुळे कोणाचा जीव जात नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः रास्त आहे. परंतु प्रतिमानातील चूक माणसाच्या सवयीत कशी उतरते, याचे एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून उड्डाण केलेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान कोसळून २६५ जण मृत्युमुखी पडले. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सहवैमानिकाने रडरचा केलेला अनावश्यक व अतिरेकी वापर हे अपघाताचे कारण ठरवले. त्या विमानाच्या रडर यंत्रणेची रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षणक्रमातील काही घटक यांनी त्याला हातभार लावल्याचेही मंडळाने नमूद केले. त्या प्रशिक्षणातील सिम्युलेटरच्या एका पाठात वैमानिकाच्या नियंत्रणांचा परिणाम काही काळ रोखून धरून विमान मोठ्या कोनात कलते केले जाई. सिम्युलेटर दिसायला अस्सल होता. त्या पाठाने सांगितलेली गोष्ट मात्र अस्सल नव्हती.

दुसरा आक्षेप दृश्यकलेच्या बाजूने येऊ शकतो. बाह्यरूप, कॉकपिटमधील मापके आणि रंगकाम यांसाठीही परिश्रम व अभ्यास लागतो, तो गौण कसा मानावा? तो गौण नाहीच. फ्लाइटगिअरच्या गुणांकन पद्धतीत उड्डाणाचे गणित, यंत्रणा, कॉकपिट आणि बाह्यरूप अशा चार बाबींना ० ते ५ गुण दिले जातात आणि वरचा दर्जा मिळवण्यासाठी प्रत्येक बाबीत किमान गुण आवश्यक असतात. देखण्या कॉकपिटच्या आड दुबळे गणित लपत नाही आणि निर्दोष गणितामुळे ओबडधोबड रूपही खपत नाही. सरासरीवर विसंबणाऱ्या आपल्या प्रकल्प-मूल्यमापनाने या पद्धतीकडून बरेच शिकण्यासारखे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पहिल्या विमानाची गुणवत्ता ते किती हुबेहूब आहे यापेक्षा ते किती तपासता येते यावर ठरवावी. प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला आहे, गणिताने काढलेला आहे की अंदाजाने घेतला आहे, हे लिहिलेले असावे. रचताना जे आकडे वापरले त्यांखेरीज किमान एका स्वतंत्र कसोटीचा निकाल सोबत जोडलेला असावा, मग तो प्रतिकूल का असेना. विद्यार्थ्याने आपले विमान साडेअकरा ऐवजी नऊ या गुणोत्तराने का तरंगायला हवे हे सांगितले आणि त्याचे विमान अजून दहावरच अडलेले असल्याचे कबूल केले, तर त्या कबुलीला परीक्षकाने गुण द्यावेत. तसे न झाल्यास विद्यार्थी प्रतिकृतीच रचत राहतील आणि त्याचा दोष त्यांच्याइतकाच परीक्षकाकडेही जाईल.