तांबड्या ठिपक्याचे औचित्य

परंडा-भूमच्या काळ्या रानात उभ्या ज्वारीचे एखादे पान आपण बोटांवर आडवे धरले, तर त्याच्या हिरव्या अंगावर कुठेतरी तांबूस-जांभळा ठिपका दिसतो. करप्याची खूण म्हणून आपण तो टाळून पुढे जातो. पण जरा रेंगाळावे, कारण रोग बुरशीचा असला तरी रंग ज्वारीने स्वतः घडवलेला आहे.

पर्ड्यू विद्यापीठातल्या स्नायडर आणि निकल्सन यांनी 1990 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालचे जे दृश्य मांडले, ते सावकाश पाहण्याजोगे आहे. बुरशी ज्या पेशीत शिरू पाहते, नेमक्या त्याच पेशीत बारीक, रंगहीन गोलक जमतात; ते घुसखोरीच्या जागेकडे सरकू लागतात, हळूहळू रंग धरतात, आणि अखेर फुटून आपले द्रव्य तिथेच सांडतात. अपिजेनिनिडिन आणि ल्युटिओलिनिडिन ही त्या द्रव्यांची नावे. त्यांच्या माऱ्यात बुरशी मरते, पेशीही मरते. पान मात्र हिरवे राहते.

हा संयम ज्वारीच्या अंगचाच. कोवळ्या फुटव्यांवर जनावर सुटले तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे इथे गुरे राखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण धुरिन हे द्रव्य आणि त्यातून सायनाइड मोकळे करणारे विकर ज्वारी वेगवेगळे ठेवते. पान चावले गेले की मगच दोघांची गाठ पडते.

अशी विद्या एका पिकातून दुसऱ्यात नेण्याचे कौतुक जुने आहे. 1993 मध्ये द्राक्षवेलीचे रेस्व्हेराट्रॉल घडवणारे जनुक तंबाखूत उतरवून तिला बुरशीशी झुंजायचे बळ दिले गेले. पेनसिल्व्हेनियात सुरिंदर चोप्रा यांच्या गटाने मात्र त्याहून नाजूक गोष्ट केली: ज्वारीचे ‘यलो सीड 1’ हे जनुक मक्यात घातले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मक्याची पाने तोच तांबडा रंग घडवू लागली आणि करप्याला अधिक दाद देईनाशी झाली. यातली खुबी आपण चाखून पाहावी अशी आहे. नेलेले जनुक द्रव्य घडवणारे नाही, ते घडवण्याचा हुकूम देणारे आहे.

संस्कृत काव्यमीमांसक क्षेमेंद्राने काव्याचे जीवित औचित्यात, म्हणजे जिथे जे शोभते ते तिथेच असण्यात, पाहिले. ज्वारीचेही तसेच. पंपाची फवारणी सगळे रान भिजवते, ज्वारी एका पेशीवर भागवते. तिचे द्रव्य उसने घेणे माणसाला आता साधू लागले आहे; जागा, वेळ आणि मात्रा यांचे तिचे भानही उचलता आले, तर या विद्येत रस उतरला म्हणायचे.