वेडा, डफ आणि कासव : महाविद्यालयीन पथनाट्यातील मनोरुग्णाच्या चित्रणाची चिकित्सा

प्रास्ताविक

जागतिक मानसिक आरोग्य महासंघाच्या पुढाकाराने १९९२ पासून १० ऑक्टोबर हा दिवस जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. आपल्या महाविद्यालयांच्या दिनदर्शिकेतही तो आता रुळला आहे. भित्तिपत्रके, घोषवाक्य स्पर्धा, एखाद्या मनोविकारतज्ज्ञाचे व्याख्यान आणि विद्यार्थ्यांनी बसवलेले पथनाट्य असे त्याचे साधारण स्वरूप असते. यांपैकी व्याख्यान प्राध्यापक ठरवतात आणि भित्तिपत्रकांचा मजकूर बहुधा कोठून तरी उतरवलेला असतो. विद्यार्थ्यांचे स्वतःचे म्हणता येईल असे त्यात पथनाट्यच तेवढे असते. संहिता ते लिहितात, तालमी तेच करतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात तेच पथनाट्य घेऊन गावाच्या चौकातही उभे राहतात.

अशा उपक्रमाच्या अहवालात प्रयोग किती झाले, प्रेक्षक किती होते, याची नोंद होते. त्या नाट्यात मनोरुग्ण कसा दिसतो, प्रेक्षक नेमका कशाला हसतो आणि प्रयोग संपल्यावर गोलात उभ्या असलेल्या एखाद्या त्रस्त विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते, हे प्रश्न समीक्षेचे आहेत व ते सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखाचा रोख या प्रश्नांवर आहे. विषयाचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. उपचारांच्या सोयी अपुऱ्या आहेत हे खरेच. परंतु सोय असूनही तेथवर न जाण्यामागे ‘लोक काय म्हणतील’ हे भय असते, आणि पथनाट्य नेमके या भयाशी झुंजण्याचा दावा करते.

‘वेड’ या शब्दाची दोन आयुष्ये

मावळ तालुक्यातील इंदुरी हे गाव तळेगाव-चाकण रस्त्यावर इंद्रायणीच्या काठी वसले आहे. एका बाजूला सरसेनापती दाभाड्यांची गढी, जवळच तुकोबांच्या एकांतवासाशी जोडलेला भंडारा डोंगर आणि अवतीभवती तळेगाव-चाकणची कारखानदारी, असा हा परिसर. येथे ‘वेड’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. वारकरी परंपरेत विठ्ठलाचे वेड लागणे हे भाग्याचे लक्षण मानले जाते. भक्ताला लोक वेडा म्हणतात तेव्हा कमीपणा लोकांच्या समजुतीकडे येतो, भक्ताकडे नाही. त्याच गावात एखाद्या घरातील मुलगा महिनोन्‌महिने खोलीबाहेर पडेनासा झाला की हाच शब्द कुजबुजीत उच्चारला जातो आणि घरातील दुसऱ्या मुलीची सोयरीक अडते. पुणे परिसरात तर ‘येरवडा’ हे साधे स्थलनामही थट्टेचा आणि धमकीचा शब्द बनले आहे.

विद्यार्थ्यांच्या पथनाट्यात हमखास ऐकू येणारी घोषणा अशी असते : ‘तो वेडा नाही, तो आजारी आहे.’ हेतू चांगला आहे. तथापि, या वाक्याची रचना पाहिली तर ‘वेडा’ या शब्दातील अपमान ते जसाच्या तसा मान्य करते आणि केवळ एका व्यक्तीला त्यातून सूट देते. ज्याचा आजार दीर्घकाळ टिकतो, औषधांनी पूर्ण आटोक्यात येत नाही, त्याला ही सूट लागू पडत नाही. कायद्याची परिभाषा या बाबतीत पुष्कळ चालून आली. १९१२ च्या भारतीय वेडेपणाच्या कायद्यापासून १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आणि पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, असा हा प्रवास आहे. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला हक्क असलेली व्यक्ती मानले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे त्याच्या ११५ व्या कलमाने गृहीत धरले आहे. ही गोष्ट पथनाट्यात सांगितली गेली, तर पोलिसांच्या भीतीने गप्प बसणाऱ्या एखाद्या कुटुंबाला तिचा थेट उपयोग होईल. घोषणांच्या गजरात ती सहसा येत नाही.

पथनाट्याची चौकट

येथे मुख्य मुद्द्याकडे वळावे लागते. पथनाट्य हा प्रकार आरोप करण्यासाठी घडला आहे. सफदर हाश्मी यांचे जन नाट्य मंच असो वा स्त्रीमुक्ती संघटनेचे १९८३ मधील ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ असो, या परंपरेत अन्याय करणारा कोणीतरी समोर असतो. कधी तो मालक असतो, कधी हुंडा मागणारे सासर, कधी मुलीला ओझे मानणारी सारी समाजरीत. डफावर थाप पडते, गोल तयार होतो, अतिशयोक्ती आणि विडंबन यांच्या साहाय्याने त्या अन्यायकर्त्याचे हसे केले जाते. प्रेक्षकांचे हसू ही या प्रकाराची ताकद आहे, कारण ते बलवानावर रोखलेले असते.

मानसिक आजाराच्या विषयात असा प्रतिपक्ष सहजासहजी सापडत नाही. मग अतिशयोक्तीची सारी हत्यारे रुग्णाच्याच पात्रावर चालवली जातात. विस्कटलेले केस, उलटा घातलेला सदरा, शून्यात बोट दाखवून बडबडणे, मध्येच किंचाळणे, अशी ती ठरीव आकृती असते. प्रेक्षक हसतात, नटाला दाद मिळते आणि पुढच्या प्रयोगात बडबड आणखी वाढते. पाचव्या मिनिटाला पांढऱ्या कोटातील डॉक्टर येऊन चार वाक्यांत आजार समजावून देतात. पण तोवर पहिली चार मिनिटे आपले काम करून गेलेली असतात. शहरातील अनोळखी गर्दीत हे एक वेळ खपते. गावात मात्र त्या नावाविना वावरणाऱ्या पात्राला लगेच एक चेहरा मिळतो, कारण तीन घरे टाकून कोण राहतो हे सर्वांना ठाऊक असते.

काही संहिता यातून वाट काढतात आणि प्रतिपक्ष म्हणून भोंदूबाबाला उभे करतात. महाराष्ट्रात या पात्रामागे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची मोठी परंपरा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांमागील हातचलाखी उघड करत आले आणि २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही झाला. त्यामुळे हे पात्र विद्यार्थ्यांना आयते मिळते, रंगतेही छान. नाट्यदृष्ट्या ही संहिता पहिल्या प्रकारापेक्षा निश्चितच सरस ठरते, कारण हसू पुन्हा योग्य दिशेला वळते. तरी तिची एक किंमत आहे. सारा दोष अंगारा देणाऱ्याकडे गेला, की कलंकाचे बाकीचे पत्ते झाकले जातात. सोयरीक मोडणारे पाहुणे, कामावरून कमी करणारा ठेकेदार, ‘हल्ली सगळ्यांनाच डिप्रेशन येते’ असे म्हणून हसणारा वर्गमित्र यांच्यापैकी कोणीही मांत्रिक नाही. समितीच्याच वर्तुळातून, साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेच्या आधाराने, पुढे ‘मानसमित्र’ हा उपक्रम उभा राहिला. त्यात कार्यकर्त्याला ऐकण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण दिले जाते. बुवाबाजीचा पर्दाफाश केल्यावरही माणसाचे दुःख शिल्लक राहते, हे त्या चळवळीने ओळखले. आपल्या पथनाट्यांनी चळवळीतील भोंदूबाबा घेतला, मानसमित्र घेतला नाही.

दोन चित्रपट

या चौकटीबाहेर कसे जाता येते, हे पाहण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’ हे दोन चित्रपट एकामागून एक पाहावेत. महाविद्यालयांतील मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमांत त्यांचे खेळ लावता येतात. मात्र पडदा उजळण्याआधी त्यांची ओळख ‘स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट’ आणि ‘नैराश्यावरचा चित्रपट’ अशी करून दिली, तर अर्धा चित्रपट तिथेच संपतो.

‘देवराई’ मधील शेष हा कोकणातील बुद्धिमान तरुण. गावच्या देवराईचा ध्यास आणि आजार यांची त्याच्या मनात अशी गुंफण झाली आहे, की एक ओढला तर दुसरा उसवतो. अतुल कुलकर्णी यांच्या अभिनयात बडबड आणि हातवारे आहेतच. पण दिग्दर्शकद्वय कॅमेरा वारंवार सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेल्या बहिणीकडे नेतात. भावाला आपल्या घरी आणणाऱ्या या स्त्रीची दमछाक, तिचे संसारातील ताण आणि तिचा राग यांना चित्रपटात जागा आहे. प्रेक्षक शेषकडे पाहून हसू शकत नाही, कारण त्याच्याकडे तो बहिणीच्या डोळ्यांनी पाहत असतो. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ वाणी हे या चित्रपटामागचे प्रमुख पाठबळ होते. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनशी त्यांचे नाव निगडित आहे आणि स्वतःच्या कुटुंबात त्यांनी हा आजार जवळून पाहिला होता. गंमत अशी, की राष्ट्रीय पुरस्कारांत ‘देवराई’ला पर्यावरण संवर्धनविषयक चित्रपटाचा सन्मान मिळाला. परीक्षकांना त्यातले वन दिसले. तरीही या चित्रपटाला काही ठिकाणी व्याख्यानाचा मोह आवरलेला नाही. आजाराची माहिती देणारे संवाद आज ऐकताना जड वाटतात.

२०१६ च्या चित्रपटांसाठीचे सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’ मध्ये हा मोह जवळजवळ गळून पडला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) आणि स्वतः मानसिक त्रासातून सावरत असलेली जानकी (इरावती हर्षे) यांची ही कथा. ती त्याला कोकणातील समुद्रकाठच्या घरी घेऊन येते आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. जेवण वेळेवर मिळते, दार उघडे असते, किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण चालू असते. तो बोलेल तेव्हा बोलेल. कासव अंग आत ओढून घेते तेव्हा त्याला काठीने डिवचून उपयोग नसतो, ही प्रतिमा चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे आणि ती संवादांपेक्षा वेळेच्या संथ चालीतून उतरते. कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन केलेल्या सुमित्रा भावे यांची समाजकार्याची दृष्टी येथे पूर्ण पक्व झालेली दिसते. समुद्रकाठचे घर आणि हाताशी मोकळा वेळ ही चैन सर्वांना परवडणारी नाही, हा या चित्रपटावरील आक्षेप मात्र रास्त आहे. इंदुरीहून एसटीने तळेगावला येणाऱ्या आणि सुट्टीत चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या विद्यार्थ्याला जानकी कोठे भेटणार?

पथनाट्य अखेरीस रुग्णाला सांगते : ‘मन मोकळे करा.’ म्हणजे काम त्यानेच करायचे. ‘कासव’ हे काम शेजारच्या माणसाकडे सोपवतो. विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांना शिकण्यासारखे काही असेल, तर ते या जबाबदारीच्या बदलात आहे.

अन्यत्रचे प्रयोग

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲलिसन मॅलमन या विद्यार्थिनीने भावाच्या आत्महत्येनंतर २००१ मध्ये विद्यार्थ्यांचा एक गट सुरू केला व पुढे त्याची ‘ॲक्टिव्ह माइंड्स’ ही देशव्यापी संघटना झाली. तिच्या एका प्रदर्शनात महाविद्यालयाच्या हिरवळीवर १,१०० दप्तरे मांडली जात. एका वर्षात आत्महत्येने गमावलेल्या विद्यार्थ्यांची ती अंदाजे संख्या. येथे रुग्णाचे सोंग कोणीच आणत नाही. रिकामे दप्तर पुरेसे असते. आपल्याकडे पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने सहभागी संस्थांसह ‘आउटलिव्ह’ हा युवकांसाठीचा आत्महत्या प्रतिबंध कार्यक्रम राबवला. त्यात प्रशिक्षित तरुण स्वयंसेवक समवयस्कांशी संवाद साधतात. याच केंद्राच्या ‘आत्मीयता’ या प्रकल्पाची सुरुवात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात झाली. गावातील स्वयंसेवक मोबाइलवर छोटे चित्रपट दाखवत व त्यानंतर बोलणे सुरू करत. कलाकृती आधी आणि माणूस नंतर, असा हा क्रम आहे. चित्रपट दाखवणारा तेथून निघून जात नाही.

पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, प्रौढांच्या बाबतीत रुग्णाशी प्रत्यक्ष संपर्क हा माहितीपेक्षा अधिक परिणामकारक आढळला. किशोरवयीनांत मात्र माहितीचा प्रभाव अधिक होता. अठरा-एकोणीस वर्षांचा आपला विद्यार्थी या दोन गटांच्या सीमेवर उभा आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या चार वाक्यांना सरसकट निरुपयोगी ठरवणे योग्य होणार नाही. ती वाक्ये कोणत्या नाट्यानंतर येतात, हा खरा प्रश्न आहे.

संहितेत नसलेले स्थळ

सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे या पथनाट्यांत घर असते, देवऋषीचे ठाणे असते, दवाखाना असतो, महाविद्यालय नसते. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट, रखडलेली शिष्यवृत्ती, इंग्रजी न आल्याबद्दल भर वर्गात मारलेला टोमणा, वसतिगृहातील जातीवरून होणारी विचारपूस यांतले काहीही गोलात येत नाही. २०१९ मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील आणि २०२३ मध्ये तेथीलच एका तंत्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनंतर जातीय वागणुकीचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. तो आपल्या संहितांपर्यंत का पोहोचला नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडे मागणे अन्यायाचे होईल. संहिता मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नजरेखालून जाते आणि परिसरात काय चालेल, काय चालणार नाही, हे मुले न सांगताही ओळखतात.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. ग्रामीण महाविद्यालयात ही जागा कोठून भरायची, वेतन कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, हा प्रश्न प्राचार्यांच्या टेबलावर आहेच. ‘मन मोकळे करा’ ही घोषणा ऐकून एखादी मुलगी दुसऱ्या दिवशी खरोखर कोणाचे तरी दार ठोठावेल. ते दार कोणत्या मजल्यावर आहे आणि दुपारी दोननंतर उघडे असते का, एवढे तरी पथनाट्याच्या शेवटच्या संवादात यायला हवे. ते येईपर्यंत १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फलकावर लिहून ठेवता येतो. २०२२ पासून ही विनामूल्य सेवा सुरू असून तिथे मराठीतही बोलता येते.